हजबंडमधला ‘आणि’

टाकलेल्या बायकांची पोटगी हा माझ्या पीएच.डी.चा विषय. यवतमाळच्या कॉलेजात तासिकेवर कायदा शिकवायचा, उरल्या वेळात निवाडे वाचायचे. तळटीपा लावता लावता डोकं पिकलं, म्हणून मी संदर्भ लावणारं सॉफ्टवेअर घेतलं. त्याने ‘महाराष्ट्र राज्य’ हा कोणी लेखक समजून ‘राज्य, महाराष्ट्र’ असं आडनाव पुढे ओढलं. तेही मी निस्तरलं. पीएच.डी. झाली की पक्की नोकरी, एवढं एकच डोळ्यांसमोर होतं.

शेवटची मुदतवाढ संपायला आली तेव्हा मार्गदर्शक सर म्हणाले, “प्रबंध मराठी हाय ना व? मंग तळटीपात हे इंग्रजी ‘अँड’ कायले? ‘आणि’ करून टाक.”

फाइल जड होते म्हणून टायपिंगवाल्याने सॉफ्टवेअरची जोडणी आधीच तोडून दिली होती, म्हणजे तळटीपा आता नुसता साधा मजकूर होत्या. मी एका फटक्यात सगळे ‘अँड’ बदलले, फाइल सेव्ह केली आणि बाभुळगावची गाडी पकडली. घरी उघडून पाहते तर ‘हजबंड’चा ‘हजबआणि’ झालेला. त्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेपटीला ‘अँड’चीच a-n-d ही अक्षरं असतात, हे एलएल.एम. झालेल्या बाईला सुचू नये? ‘लँड’ गेलं, ‘डिमांड’ गेलं. घाबरून उलटं बदललं, तर माझ्या मराठी वाक्यांतले सगळे ‘आणि’ इंग्रजी झाले. मग एकेक हाताने दुरुस्त करत बसले. पोटगीचे खटले, पानोपानी नवरे.

शेवटच्या दिवशी सरांनी सहीआधी पानं चाळली. “हा हजबआणि कोण होय व?” ते हसले, मीही हसले. मग त्यांना दुसरा सापडला, तिसरा सापडला, आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं. “याच्यावर सही करून मी माही इज्जत घालवू काय?” त्या संध्याकाळी मुदत संपली.

इतक्या वर्षांची मेहनत मातीत गेली. घरी आले तरी रडू येईना, नुसतं रिकामं वाटत होतं.

“कायदा तर तुले येत होता ना,” आई म्हणाली. “मंग काहून अडलं? अजून एक तारीख मागून पाह्य ना.”

तारखांवर तारखा देणाऱ्या न्यायालयांना मी प्रबंधात चांगलं झोडपलं होतं. बायकांची उमर त्यातच सरते, असं लिहिलं होतं. आता मला एकच तारीख हवी होती, आणि ती द्यायला कोणी न्यायाधीश नव्हता.