देसाईअक्कांचे सिस आणि ट्रान्स

देसाईअक्का वर्गावर निघाल्या की पिशवीत खडू कमी आणि बटाटे जास्त असायचे. पुण्याहून बेंगळुरूला येऊन राजाजीनगरच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायला रुजू झाले, त्या सकाळी त्या स्टाफरूममध्ये बसून बटाट्यांना लवंगा टोचत होत्या.

"पुण्याची का गं तू? बस. ही काडी धर स्वल्प," एवढ्यावर आमची ओळख झाली. त्यांचं घराणं निपाणीकडचं, जन्म बेंगळुरूचा. बोलताना मराठीत कन्नड कुठून मिसळलं ते त्यांनाही कळत नसे.

त्यांचा तास ऐकायला मी मागच्या बाकावर जाऊन बसे. दोन बटाटे म्हणजे दोन कार्बन, काडी म्हणजे बंध, टोचलेली लवंग म्हणजे कार्बनला जोडलेला अणुगट. मध्ये एकच काडी असली, तर एक बटाटा धरून दुसरा सहज फिरवता येई. शेजारी दुसरी काडी खुपसली, की फिरणं बंद. हा दुहेरी बंध. दोन्ही बटाट्यांच्या लवंगा एकाच बाजूला आल्या तर सिस, विरुद्ध बाजूंना गेल्या तर ट्रान्स. "माल तोच, मांडणी वेगळी. म्हणून पदार्थ वेगळा. सरी?" म्हणजे 'बरोबर?', असं त्या कन्नडात विचारत आणि सगळा वर्ग ओरडे, "सरी!"

पुढच्या वर्षी त्या स्टुलांना अडखळू लागल्या. "चष्मा बदलायला झालाय," म्हणायच्या. एक दिवस प्रयोगशाळेत एका मुलीच्या हातात त्यांनी भलतीच बाटली दिली. मुलीनेच लेबल वाचून ती परत ठेवली. काही झालं नाही; पण अक्का घामाघूम होऊन जिन्यात येऊन बसल्या.

"डोळे चाललेत गं माझे," त्या मला म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, उपाय नाही. कुणाला बोलले नव्हते. नोकरी जाईल वाटलं. पण पोरांच्या हातात ॲसिड असतं."

तशाच उठून त्या प्राचार्यांकडे गेल्या आणि सगळं सांगून टाकलं. प्रयोग माझ्याकडे आले, वर्गातले तास त्यांच्याकडे राहिले. बटाटे त्या आता चाचपून शिकवू लागल्या.

एकदा एका मुलाने विचारलं, "मॅडम, हे सिस-ट्रान्स परीक्षेनंतर कुठे लागतं?"

"आत्ता लागतंय की. मला बघतोस ना?" अक्का म्हणाल्या. "तुझ्या डोळ्यात एक रेणू आहे, एका दुहेरी बंधापाशी वाकलेला. सिस. उजेड पडला की तो बंध क्षणभर सैल होतो, रेणू वळून ट्रान्स होतो. दिसण्याची सुरुवात तिथून." मग म्हणाल्या, "माझा रेणू बिचारा ठीक आहे. त्याला सांभाळणाऱ्या पेशी मरताहेत."

तो मुलगा उभाच होता. "बस रे," त्या म्हणाल्या, "कळलं ना, तेवढं पुरे."

निवृत्तीनंतर त्या के. आर. पुरमला बहिणीकडे राहायला गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा त्यांना फक्त उजेड-अंधार एवढंच कळत होतं. मी तक्रार केली, की मुलं माना डोलावतात, पण काही कळतं की नाही समजत नाही.

"बघत बसतेस म्हणून," अक्का म्हणाल्या. "मीही जन्मभर तोंडं बघून फसले. दिसेनासं झाल्यावर समजलं. खरंच कळलं, की पोरं आधी गप्प होतात, मग कुणीतरी हळूच 'अरे' म्हणतं. ते ऐकत जा."

अक्का गेल्या, त्यालाही आता काळ लोटला. अजून शिकवून झालं की मी फळ्याकडे तोंड करून उभी राहते आणि त्या 'अरे'ची वाट बघते.