भिजलेल्या रेडिओंचा ठेका

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, बिघडलेला रेडिओ उघडण्याआधी त्याला नाक लावायचे. जळलाय की भिजलाय, हे पेचकस हातात घेण्यापूर्वीच सांगायचे. सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक घाई करू लागलं की म्हणायचे, "बिमार माणसाले कोणी हाणून उठवते का गा?"

दुसऱ्याच्या हातचं त्यांना काही पटत नसे. मी लग्न होऊन आले तेव्हा चहासुद्धा ते स्वतःचा स्वतः करून घेत, आणि मला अर्धा कप देत.

एका पावसाळ्यात खापरखेड्याच्या कामगार वसाहतीत नाल्याचं पाणी शिरलं आणि घरोघरचे रेडिओ भिजले. वसाहतीच्या मंडळाने दुरुस्तीचा ठेका मामाजींना दिला. काम दिवाळीच्या आत आणि तुमच्याच हातचं पाहिजे, एवढीच अट. मामाजींनी शब्द दिला. रेडिओ दुकानात मावेनात, म्हणून आमच्या ओसरीवर रचले. मामाजी मात्र त्यांच्याभोवती नुसते फिरत.

"बाहेर देऊन टाकू का, सूनबाई?" सकाळी ते विचारत. संध्याकाळी स्वतःच म्हणत, "नाही. शब्द देला आहे."

"एकट्याच्यानं दिवाळीच्या आत कसं होईन, बाबा? देऊन टाका," आमचे हे म्हणाले. शेवटी रेडिओ इतवारीतल्या एका कारागिराकडे गेले. परत आले ते लखलखीत पुसलेले. "उघडून नाही पाहत?" मी विचारलं. मामाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "चांगला माणूस आहे तो." तसेच ते घरोघरी पोचवले.

थोड्याच दिवसांत निरोप आला. साळूबाई नावाच्या म्हातारीला रेडिओ लावताना शॉक बसला, तळहात पोळला. आतली सडकी वायर कुणी बदललीच नव्हती.

मी मामाजींबरोबर बसने गेले. साळूबाई हाताला फडकं बांधून दारात बसल्या होत्या. मामाजी उभेच राहिले. मग दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. बोटं थरथरत होती. घरात आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं.

"पेचकस धरल्या जात नाही बाई आताशा. सांगाले लाज वाटली, म्हणून काम बाहेर देलं. अन् तुमाले माह्याच हातचं म्हणून सांगतलं."

साळूबाईंनी ते हात बराच वेळ पाहिले. "हात त माह्या बापाचेबी कापत. त्यात लाज कायची? पण तुमचं नाव आयकून मी रेडिओले हात लावला, दादा."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. परतीच्या बसमध्ये मामाजी खांद्यावरचं उपरणं तोंडावर ओढून बसले होते.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी सगळे रेडिओ परत आणवले. बोट ठेवून दोष ते दाखवत, सोल्डरिंग मी करी. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तेव्हा कुठे शेवटचा रेडिओ गेला. पुढे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते आधीच सांगत, "हात माहे चालत नाही, काम सून करते. पटत असंन त ठेवा." काही उठून जात. त्यांना मामाजी पायरीपर्यंत पोचवायला जात.

अशीच मी कारागीर झाले. मामाजी गेल्यावर दुकान मीच चालवलं. पण ते होते तोवर, खापरखेड्याचं कुणी आलं की दोन्ही हात धोतराच्या घडीत लपवत आणि खालच्या आवाजात म्हणत, "सूनबाई, तू बोल."