सेव्ह न केलेली लाईन

नाना ऑफिसात आले की आधी राऊटरवर पालथा हात ठेवायचे, आजारी पोराचा ताप बघावा तसा. मग चप्पल काढायचे आणि मग आम्हाला त्यांच्या अहिराणीत "काय शे?", म्हणजे काय आहे, विचारायचे. आम्ही माणसं तिसऱ्या नंबरला. जळगावच्या आमच्या त्या छोट्या इंटरनेट कंपनीत मी तक्रारींचा फोन घ्यायची आणि नाना राऊटर सांभाळायचे. मेहरूण भागातलं आमच्या गिऱ्हाइकांचं सगळं नेट त्या एका काळ्या डब्यातून जायचं. डबा मंदावला की शिव्या मात्र मला पडायच्या. म्हणून नानांवर माझा जीवही होता आणि रागही.

नेट स्लो झालं की नानांची पद्धत ठरलेली. एकेका गिऱ्हाइकाची लाईन बंद करायची आणि बाकीच्यांचं नेट धावतं का बघायचं. नाही धावलं तर ती चालू करून दुसरी बंद. तिकडे माझा "होतंय काका, होतंय" म्हणून घसा सुकायचा आणि हा माणूस शेंगा सोलाव्या तसा निवांत. एकदा एका केळीच्या आडत्याने पंधरवडाभर माझं डोकं खाल्लं, की नेटच येत नाही. नाना बघायला गेले तर भल्या माणसाने चोरीच्या भीतीने आमचा वायफायचा डबा लोखंडी कपाटात ठेवून वर कुलूप घातलेलं. नाना त्याला म्हणाले, "शेठ, आतल्या दागिन्यांना रेंज जोरात शे." परत येऊन आम्हाला हे सांगताना स्वतः हसले नाहीत. आम्ही हसून हसून बेजार.

दुसरी सवय सेव्हची. राऊटरमध्ये काही बदल केला की तो लगेच लागू होतो, पण सेव्ह करेपर्यंत कच्चाच असतो. मध्ये लाईट गेली किंवा स्विच बंद केला की बदल पुसला जातो आणि डबा जुन्या सेटिंगवर उठतो. नाना बदल करायचे, चहा मागवायचे, तो पूर्ण संपवायचे आणि मगच सेव्ह करायचे. "चुकलं असंल तर चहात कळतं," म्हणायचे. "सेव्ह केल्यावर मागचं दार बंद." पण चहा संपल्यावर सेव्ह करायला ते कधी विसरले नाहीत. आमची बॅटरी म्हातारी झालेली, लाईट गेली की डबा पडायचाच.

मग नानांच्या घरी आजारपण आलं. सुशीलाकाकू अंथरुणाला खिळल्या. पोरबाळ नाही, दुपारभर घरात कोणी नाही. नानांनी पलंगासमोर एक कॅमेरा लावला आणि ऑफिसात मोबाईल स्टँडवर उभा करून दिवसभर काकूंकडे बघत काम करायला लागले. काकूंनी हात वर केला की नाना शेजारणीला फोन करायचे, "जरा पाणी दे माय तिला." संध्याकाळी सगळं मेहरूण नेटवर बसलं की कॅमेऱ्याचं चित्र अडकायचं. तेव्हा नानांनी राऊटरमध्ये स्वतःच्या घरच्या लाईनला सगळ्यात वर घेतलं, तिच्यासाठी भरपूर स्पीड राखून ठेवला आणि लाईनला नाव दिलं, सुशीला. मालकांना सांगूनच केलं. मालकही म्हणाले, करा नाना.

काकू गेल्या. नाना कार्य उरकून कामावर आले, राऊटरवर हात ठेवला, चप्पल काढली. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. त्यांनीच सांगितलं, "बठ्ठं बराबर शे, सगळं ठीक. बसा." त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं आणि खरं सांगते, माझ्याही नव्हतं. इतके महिने ती बाई मोबाईलच्या पडद्यावर आमच्यातच असल्यासारखी होती. ती गेली म्हणजे काय झालं, हे ऑफिसातल्या कुणाच्या डोक्यात उतरलंच नाही. काकूंसाठी नाना करायचे ती ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी त्यांच्या जेवणाच्या डब्यात यायची बंद झाली, नाना खाणावळीच्या पोळ्या खायला लागले, एवढं दिसलं.

त्या उन्हाळ्यात सुट्ट्या लागून लोकांचा वापर वाढला आणि नेटने उच्छाद मांडला. दोन दिवस नीट चालायचं, मग संध्याकाळी पुन्हा रखडायचं. मालक म्हणाले, उष्णतेने होतंय. आमचा कूलर उचलून राऊटरच्या तोंडाशी लावला आणि आम्ही पुठ्ठ्याने वारा घेत बसलो. वायरमन म्हणाला, भुसावळकडून येणाऱ्या केबलमध्येच दोष आहे. गिऱ्हाइकं तुटायला लागली. शेवटी मालकांनी जाहीर केलं, आठवडाभरात हे थांबलं नाही तर सोमवारी नाशिकहून माणूस येईल, नवा राऊटर बसवेल आणि तोच इथून पुढे सगळं बघेल. म्हणजे नानांनी घरी बसायचं. घरी होतं कोण?

लाईट जाण्याचा विषय मात्र कुणी काढला नाही. फोन माझ्याकडे, म्हणून मला दिसलं. दुपारी लाईट जाऊन आली की त्याच संध्याकाळी नेट रखडायचं. आणि दुसरं म्हणजे, एकेक लाईन तपासत अर्धा दिवस घालवणारे नाना आता आल्या आल्या दोन-चार बटणं दाबून नेट पूर्ववत करायचे. दुखणं कुठे आहे ते त्यांना आधीच माहीत होतं. पुढच्या वेळी मी खुर्ची ओढून त्यांच्या मागे बसले. पडद्यावर सगळ्यात वर सुशीला. रिकाम्या घराची लाईन, आणि संध्याकाळच्या गर्दीतही तिचा स्पीड राखीव. नानांनी ती काढली. नेट धावलं. चहा आला, संपला. नानांनी कप बाजूला ठेवला आणि उठायला लागले.

मी म्हटलं, "नाना, सेव्ह राहिलं."

"नाही करत," ते म्हणाले.

"का?"

ते पडद्याकडे बघत पुन्हा खाली बसले. "काढायला हात चालतो, ताई. सेव्ह करायला नाही चालत. लाईट गेली की ती परत वर दिसते. मग पुन्हा काढतो."

मला रडू यायला हवं होतं. नाहीतर राग तरी, इतक्या संध्याकाळी मी लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. काहीच आलं नाही. मी सरळ हिशोबाचं तेवढं बोलले. सोमवारी तो नाशिकचा माणूस येणार, हा डबा काढून भंगारात टाकणार आणि तुम्हाला घरी बसवणार. काकूंची लाईन काही राहत नाही. "परक्या माणसाने पुसण्यापेक्षा तुमच्या हाताने होऊ द्या, नाना."

नानांनी मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि बटण दाबलं.

सेव्ह होताना तो जुना डबा जरा अडकायचा, सगळ्यांचं नेट तेवढा वेळ थांबायचं. माझा फोन वाजला. एक बाई म्हणाली, लेकीशी बोलत होते, मधेच चित्र थांबलं. मी म्हटलं, जरा थांबा बाई, होतंय. नाना ऐकत होते. पडद्यावर 'ओके' उमटलं तसं त्यांनी मॉनिटर बंद केला आणि नेहमीपेक्षा लवकर घरी गेले.

मालकांना मी बॅटरीचं कारण सांगितलं, ते अगदीच खोटं नव्हतं. त्यांनी नवी बॅटरी मागवली आणि नाशिकच्या माणसाला नको म्हणून कळवलं. नानांची नोकरी राहिली.

त्याच शनिवारी, नवी बॅटरी यायच्या आत, भर दुपारी लाईट गेली. पंखे थांबले, राऊटरचे दिवे विझले. लाईट आली तसे नाना खुर्चीत ताठ बसले. डबा उठला. त्यांनी यादी उघडली आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, मग पुन्हा एकदा वरपासून. संध्याकाळ झाली, सगळं मेहरूण नेटवर बसलं. मी फोनपाशी होते आणि नाना माझ्या फोनकडे बघत होते. तक्रार एकही आली नाही. दिवेलागण होऊन गेली तरी फोन गप्पच.

"आता गेली ती, ताई," नाना म्हणाले, आणि टेबलावर डोकं टेकून रडायला लागले.