मोकळी भिंत

खऱ्या विद्येला चौकट लागत नाही. या मतापायी मी बरेच सत्कार समारंभ चुकवले, आणि याच मतापायी वडिलांचा गुडघा कोरेगावातल्या एका नव्या डॉक्टरच्या हवाली केला.

दवाखाना मला पाहताक्षणी आवडला. भिंतीवर काहीच नव्हतं. मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटनाचा फोटो नाही, परदेशातल्या परिषदेचं प्रमाणपत्र नाही, हार घातलेले स्वतः डॉक्टर तर नाहीतच. टेबल, दोन खुर्च्या आणि हळू आवाजात बोलणारा माणूस. किती साधा, असं मी बाहेर बसलेल्या पेशंटांनाही ऐकवलं होतं.

वडील फौजेतून निवृत्त झालेले. आत गेल्यावर त्यांनी आधी भिंती पाहिल्या.

"आवं डॉक्टर, तुमचा नोंदणीचा दाखला कुठं हाय?"

"घरी आहे, आजोबा. फ्रेम करायची राहिलीय."

"मग नंबर तरी सांगा."

मला लाज वाटली. "आबा, ही काय छावणीची गेट ड्युटी आहे का?" दार उघडंच होतं. बाकावरची माणसं हसली. डॉक्टरही समजूतदारपणे हसले. मी त्यांची माफी मागितली. सांगितल्यावर वडील मुकाट्याने इंजेक्शनसाठी पालथे झोपले.

दुसऱ्या इंजेक्शननंतर ते जिना चढू लागले. त्याचं श्रेय मी घेतलं. पुढचे चार महिने दर पंधरवड्याला मीच त्यांना मोटारसायकलवरून नेत होतो. चेहरा भरला तेव्हा तब्येत सुधारली असं समजलो. मग ते सारखं पाणी मागू लागले, आणि एका सकाळी त्यांना अंथरुणातून उठवेना.

कराडच्या हॉस्पिटलात साखर पाचशेच्या वर निघाली. तिथल्या डॉक्टरबाईंनी जुन्या चिठ्ठ्या मागितल्या. त्या डॉक्टरने कधी दिल्याच नव्हत्या.

"स्टेरॉइड असणार," बाई म्हणाल्या. "साखर न तपासता टोचत राहिले. यांना तिकडे नेलं कोणी?"

मी तोंड उघडायच्या आत वडील म्हणाले, "मीच गेलो. गुडघा लय दुखत हुता."

बाईंनी लिहून घेतलं. खरं सांगायला तेव्हाही वेळ होता.

त्या गेल्यावर खाटेशेजारच्या स्टुलावर बसून मी फोनवर वैद्यकीय परिषदेची यादी उघडली आणि त्या डॉक्टरचं नाव घातलं. नव्हतं. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या याद्या पाहिल्या. तिथेही नव्हतं.

"काय बघतुयास?"

"त्याची नोंदणी कुठंच नाही, आबा. तुम्ही विचारलं होतं."

"व्हय." सलाइनचा हात त्यांनी जरा सरळ केला. "बघायला लय वेळ लागतो का रं?"

तीन मिनिटं लागली होती. त्यातली दोन नेट येण्यात गेली.