आत्याने न मारलेली उडी

माझी आत्या हट्टी आहे, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. हट्टी माणूस कधीतरी दमतो, आत्या दमत नाही. एकतीस वर्षं ती मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते आहे, आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं त्याच लाँड्रीच्या वाळवणखोलीत संध्याकाळी कराटे शिकवते आहे. दिवसभर वाफेत उभं राहून आलेल्या बायका तिच्यासमोर रांगेत मुठी आवळून उभ्या राहतात. पाय लटपटले तरी तिला ते दिसत नाही. गुडघा वाकलेला नसला तर मात्र लगेच दिसतं.

ती शिकली बॉयलरमामांकडून. लाँड्रीचा बॉयलर सांभाळायचे म्हणून बॉयलरमामा; खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर असेल तेवढंच. त्याआधी ते मालवाहू जहाजांवर इंजिनाशी झुंजत असत. एकदा ओकिनावाच्या बंदरात त्यांचं जहाज एका सुट्या भागावाचून आठ महिने अडकून पडलं. रिकामपण खायला उठलं, तेव्हा हे बंदराजवळच्या एका म्हाताऱ्या सुताराच्या अंगणात रोज सकाळी जाऊन उभे राहू लागले. सुताराला यांची भाषा येत नव्हती, यांना त्याची. त्याने यांना हाताने, डोळ्याने आणि बांबूच्या पट्टीने शिकवलं. कराटेचा उगम जिथला, तिथल्या माणसाकडून शिकले, पण कागद एकही मिळाला नाही.

वाळवणखोलीत चादरींच्या तारा बाजूला सारता येत, पण वरचा वाफेचा पाइप सरकवता येत नव्हता. जरा उंच माणसाच्या डोक्याला लागता लागता राहील, एवढाच वर. आणि पाचव्या कातेत एक उडी आहे. काता म्हणजे समोर कोणी नसताना, ठरलेल्या क्रमाने केलेली लढाई. या पाचवीत कोणीतरी आपल्या पायांवर काठी फिरवतो असं धरायचं आणि उडी मारून ती चुकवायची. घड्या घालणाऱ्या एका बाईने पहिल्यांदाच जोरात उडी मारली आणि तिचं डोकं सणसणीत पाइपावर आपटलं. टेंगूळ आलं ते आलं, वर कातडीही भाजली.

मामा आठवडाभर कोणाशी धड बोलले नाहीत. मग एके दिवशी सगळ्यांना उभं करून म्हणाले, "उडी रद्द. पायांवर काठी येते ना? मग वर कशाला जायचं? एक पाऊल पुढे टाका, थेट काठीवाल्याच्या छातीशी. तिथे त्याची काठी फिरतच नाही."

तेव्हापासून आमच्याकडे त्या जागी उडी नाही, पाऊल आहे.

हे पाऊल आत्याने एकदा खरोखर टाकलं. लाँड्रीतल्या बायका सुटीच्या हक्कासाठी फाटकापाशी उभ्या होत्या आणि नव्या सुरक्षारक्षकाने त्यांना हटवायला पायांवर काठी फिरवली. सगळ्या मागे पळाल्या, आत्या पुढे गेली. त्याच्या नाकाला नाक लावून उभी राहिली आणि म्हणाली, "ठेव ती खाली." तिने त्याला बोटही लावलं नाही, पण काठी खाली गेली. मला ही गोष्ट आत्याने कधीच सांगितली नाही, त्या घड्या घालणाऱ्या बाईने सांगितली.

मामा गेले, वर्ग आत्याकडे आला. सतरा वर्षं सगळं सुरळीत चाललं, आणि मग कराटे महासंघाचं पत्र आलं. यापुढे मान्यताप्राप्त प्रशिक्षकांच्याच विद्यार्थ्यांना स्पर्धांत उतरता येईल, त्यांचेच पट्टे ग्राह्य धरले जातील. प्रशिक्षकांनी येऊन परीक्षा द्यावी, काता पुस्तकाबरहुकूम करावी. सोबत ते पुस्तक. पाचव्या कातेच्या पानावर एक माणूस हवेत.

तेव्हा मीही आत्याच्या वर्गात शिकत होते आणि जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी चार महिने घाम गाळत होते. माझा जीव टांगणीला लागला. "आत्या, एक उडी तर आहे," मी म्हटलं. "तिथे मार, इथे येऊन हवं ते शिकव. कोण बघायला येतंय?"

आत्या घरच्या उशांचे अभ्रे इस्त्री करत होती. "तुझ्या कमरेला पट्टा आहे, तो कुठला गं?"

"कराटेचा."

"ज्युदोवाल्यांकडून घेतलाय. हे पांढरे कपडेही त्यांच्याकडूनच. ओकिनावातली माणसं आपल्या अंगणात, अंगावर असेल त्यात करायची. मग विद्या बोटीने जपानच्या मोठ्या शहरांत गेली. तिथे कातांची नावं बदलली, पाय आणखी फाकवले, कराटेचं नाव लिहायची रीतसुद्धा बदलली. आधी 'चिनी हात' असं लिहीत, पुढे 'रिकामा हात' झालं. मग महायुद्ध संपलं, परके सैनिक शिकून आपापल्या देशी गेले, गुरू विमानांत बसून जगभर पांगले. ज्याने नेलं त्याने थोडं बदललं." तिने अभ्रा उलटवला. "मोठ्या माणसाने बदललं की ती परंपरा. आणि बॉयलर सांभाळणाऱ्याने बदललं की ती चूक! असं कसं?"

"पण मान्यता गेली तर वर्ग मोडेल."

"मोडेल ना. माहीत आहे मला."

हे ती एवढ्या शांतपणे म्हणाली की माझं डोकंच फिरलं. मी पाय आपटत निघून गेले. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

परीक्षेला मात्र तिच्याबरोबर गेले. मोठा हॉल, रबरी मॅट, तीस-पस्तीस प्रशिक्षक. बहुतेक तिच्या निम्म्या वयाचे, कडक परीटघडीच्या कपड्यांतले. परीक्षक माणूस सभ्य होता, हे कबूल करायला हवं. आत्याची काता सुरू झाली तसे ते खुर्चीत सरसावून बसले. असा तोल त्या दिवशी कोणाचाच नव्हता. मग ती जागा आली आणि आत्याने पाऊल पुढे टाकलं.

"बाई, इथे उडी आहे."

"पुस्तकात आहे. आमच्या गुरूंनी इथे पाऊल दिलंय."

"गुरू कोण तुमचे?"

"लाँड्रीचा बॉयलर सांभाळायचे."

हॉल हसला. मला तेव्हा तिची लाज वाटली, हे लिहिताना आज हात जड होतो, पण वाटली.

परीक्षकांनी हसणाऱ्यांना गप्प केलं आणि आवाज खाली आणला. "हे बघा, तुमची काता उत्तम आहे. वयाचं आम्ही समजू शकतो. डॉक्टरांकडून गुडघ्याचं पत्र आणा, उडी माफ करतो. मान्यता देऊन टाकू."

मी देवाचे आभार मानले. सुंठीवाचून खोकला गेला! इस्पितळातच नोकरी, पत्र मिळायला कितीसा वेळ लागणार?

आत्या मॅटच्या मधोमध गेली. एकदा श्वास घेतला आणि उडाली. दोन्ही गुडघे छातीला लावून. खाली आली तेव्हा पावलांचा आवाजसुद्धा झाला नाही. छप्पन्न वर्षांची बाई.

"गुडघे चांगले आहेत," ती म्हणाली.

"अहो, मग हीच कातेत मारा ना!"

"नाही."

परीक्षकांनी कपाळ चोळलं आणि फॉर्म ओढला. 'अनुत्तीर्ण'वर खूण केली, कारणाच्या रकान्यात लिहिलं: शारीरिक असमर्थता. आत्याने वाकून वाचलं.

"हे खोटं आहे. आत्ताच बघितलंत तुम्ही."

"बाई, मी तुमचीच अब्रू वाचवतोय."

"माझी अब्रू माझ्याजवळ नीट आहे. तिथे 'नकार दिला' लिहा."

त्यांनी पेन पुन्हा उघडलं. मग त्यांनी आधीचे शब्द खोडले, वर 'उडी मारण्यास नकार दिला' असं लिहिलं आणि शेजारी सही केली. यावेळी कोणी हसलं नाही.

वर्ग मोडला नाही, पण अर्ध्याहून जास्त रिकामा झाला. बावीस होतो, नऊ उरलो. गेलेल्यांना आत्या एका शब्दाने बोलली नाही. मीच बोलले, चांगलं तोंडसुख घेतलं, आणि त्यावरून तिची बोलणी खाल्ली. स्पर्धेला माझं नाव घेतलं गेलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं, आजही वाटतं. पण मी दुसरीकडे गेले नाही.

पुढच्या महिन्यात वॉर्डात साफसफाई करणारी एक बाई दाराशी आली. चाळिशीची, हातात अजून ओला फडका.

"इथे कराटे शिकवतात म्हणे. पट्टा मिळतो का?"

"मिळतो," आत्या म्हणाली. "पण या इमारतीबाहेर त्याला कोणी विचारत नाही. स्पर्धा नाही, सर्टिफिकेट नाही."

"मग शिकून काय उपयोग?"

आत्याने तिला नीट न्याहाळलं. "वॉर्डात तुझ्यावर कोणी हात उगारलाय कधी?"

बाई फडका पिळू लागली. "उगारलाय," ती म्हणाली.

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? मागे सरकले."

"चपला तिथे काढ," आत्या म्हणाली, "आणि पहिल्या रांगेत उभी राहा."