पाळण्यातला कटर

आमचे दाजी म्हणजे भित्री भागूबाई. गॅस बंद केला का, हे बघायला निम्म्या वाटेवरून परत फिरणारा माणूस. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ताई मला म्हणाली होती, "पाल दिसली की हे पलंगावर, आणि झाडू माझ्या हातात." अशा माणसाच्या नशिबी नोकरी कुठली यावी, तर नदीवर लटकायची.

आमच्या नदीवर वीज करायचं घाटत होतं. मोठं धरण नाही. बुटका बंधारा घालायचा, थोडं पाणी बोगद्यातून वळवायचं, खाली जनित्रं फिरवायची आणि ते पाणी पुन्हा नदीत सोडायचं. पण बंधारा केवढा, बोगदा केवढा, हे ठरवायचं तर नदी कधी किती वाहते हे आधी मोजायला हवं. त्यासाठी दोन काठांवर जाड तार ताणलेली आणि तिच्यावर लोखंडी पाळणा. मी काठावरून रहाट फिरवून पाळणा मध्यावर न्यायचो. पाळण्यातले दाजी बारीक तारेला बांधलेलं मीटर पाण्यात सोडून वेग मोजायचे. वाहून आलेलं झाड त्या बारीक तारेत अडकलं तर पाळणा माणसासकट खाली ओढला जातो. म्हणून पाळण्यात कटर टांगलेला असे. झाड अडकलं की विचार करायचा नाही, तार कापायची. निघण्याआधी दाजी तो कटर पुन्हापुन्हा उघडून-मिटून बघत. आम्ही हसायचो.

गेल्या पुरात झाड अडकलं. पाळणा कलला, दाजींचे पाय पाण्याला लागले. मी रहाटाला लोंबकळलो, पण तो जागचा हलेना. "कापा, दाजी, कापा!" ओरडून माझा घसा बसला. दाजी कटरकडे बघत नुसते बसलेले. आता ताईला काय तोंड दाखवू, एवढंच माझ्या मनात होतं. मग कसं कोण जाणे, झाड आपोआप सुटलं.

साहेबांनी दाजींची पाठ थोपटली. "मीटर वाचवलंत! दुसरा कोणी असता तर तार कापून मोकळा झाला असता." ऑफिसात टाळ्या झाल्या, चहा झाला. घरी आल्यावर मात्र दाजी दाराला पाठ लावून खालीच बसले आणि ताईला म्हणाले, "हातच उचलला गेला नाही गं."

पण हरभऱ्याच्या झाडावर चढवलेला माणूस आपण होऊन उतरत नाही. महिन्याभरात दाजीच सांगू लागले, "मी म्हटलं, बघू कोण जिंकतं, मी का झाड!" पाल दिसली तर झाडू स्वतः घेऊ लागले. ताईला आधी बरं वाटलं, मग तिची झोप उडाली.

यंदा नदी त्याहून चढली. साहेबांना हाच पूर हवा होता, बंधाऱ्याची उंची त्यावरच ठरणार होती. पाळणा मध्यावर पोचतो न पोचतो तोच ताई धावत आली, अनवाणी, हातात कटर.

"तेल लावायला घरी आणला आणि खिडकीतच ठेवून आलेत! आठवण केली तर म्हणे, राहू दे, उगाच खणखणतो."

वरच्या वळणावरून ओंडके येताना दिसत होते. मी रहाट उलटा फिरवायला लागलो. दाजी तिकडून हातवारे करून बहुधा शिव्या देत होते, नदीच्या आवाजात काही कळत नव्हतं. एक ओंडका पाळण्याखालून गेला तेव्हा मी डोळे मिटले. हात थांबवले नाहीत.

पाळणा काठाला लागताच दाजी भडकले. "अर्धं माप राहिलं! एवढं घाबरायला काय झालं?"

ताईनं कटर त्यांच्या हातात कोंबला. साहेब चार पावलांवर उभे होते, म्हणून तिनं आवाज खाली घेतला. "अहो, त्या दिवशी तुमचा हात उचलला गेला नव्हता. विसरलात? पूर्वीसारखे भीत जा हो. मला एकटीला सगळं भ्यायला जमत नाही."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मोजायला तर जायचंच होतं. दाजी पाळण्यात बसले. कटर खिळ्याला अडकवला, पुन्हा काढला, उघडला, मिटला. तेव्हा कुठे मी रहाटाला हात लावला.