वाटाण्याएवढं मलम

माझ्या मावसभावाने आपल्या तोंडावरच्या पुटकुळ्यांची जेवढी काळजी वाहिली, तेवढी अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात कुणी आंब्याच्या मोहोराचीही वाहिली नसेल. ऐंशीच्या दशकात तो लोट्याला एका केमिकल कंपनीत होता. कंपनीची बस यायच्या आत आरशासमोर उभा राहून तो पुटकुळ्यांची हजेरी घ्यायचा. कुठली पिकली, कुठली नवी भरती झाली, हे मला सविस्तर सांगायचा, आणि तेही मी चहात बटर बुडवत असताना. चंदन, जायफळ, मुलतानी माती असं सगळं त्याच्या गालांवरून होऊन गेलं होतं. शेवटी चिपळुणातल्या औषधाच्या दुकानातून त्याने बेंझॉइल पेरॉक्साइडची ट्यूब आणली. डॉक्टरची चिठ्ठी लागली नाही, याचंच त्याला कोण अप्रूप! "थोडंच लावा हो, आणि महिना-दोन महिने दम धरा," असं दुकानदाराने बजावलं होतं. पण थोडं लावणं आणि दम धरणं या दोन्ही गोष्टी त्याच्या स्वभावात नव्हत्या. "अरे, आमच्या कंपनीत पेरॉक्साइड पिंपातून येतं. एवढ्याशाने काय व्हायचंय?" असं म्हणून तो भिंतीला चुना द्यावा तसं ते तोंडाला फासायचा. आठवड्याभरात तोंड लालबुंद झालं, सालं निघायला लागली, आणि पुटकुळ्या होत्या तिथेच राहिल्या.

शिवाय ते मलम कापडाचा रंग खातं. मावशीच्या निळ्या अभ्र्यांवर, हिरव्या चादरीवर पांढरे डाग पडले. "मेल्या, तोंड राहिलं बाजूला, माझं घर पांढरं करायला निघालायस!" मावशी ओरडायची. तेव्हापासून तो खांद्यावर स्वतःचा पांढरा टॉवेल टाकूनच सगळीकडे जाऊ लागला, अगदी लग्नाच्या पंगतीलाही.

चेष्टा पुरे. या तोंडाला कुठलीच मुलगी हो म्हणणार नाही, अशी त्याला मनातून खरोखरच भीती होती. दोन नकार आलेही होते. केळशीचं स्थळ आलं तेव्हा "हे शेवटचं. नाही म्हणाली तर पुन्हा विषय काढायचा नाही," असं मावशीला सांगूनच तो निघाला. सोबतीला मी. मुलीच्या वडिलांनी हातपाय धुवायला पाणी दिलं, आणि याचा टॉवेल राहिलेला एसटीत! ओलं तोंड घेऊन हा पडवीत उभा. "अहो, घ्या की तो दोरीवरचा," वडील म्हणाले. दोरीवर मरून टॉवेल होता आणि त्यावर जागोजागी फिकट पांढरे ठिपके. तोंड पुसायचं विसरून हा त्याच्याकडे बघतच राहिला.

पोहे झाले. "मुलीला काय विचारायचं असेल ते विचारा," वडील म्हणाले. लोक स्वयंपाकाचं विचारतात, शिवणाचं विचारतात. याने विचारलं, "तुम्ही सकाळी लावता की संध्याकाळी?"

मी कपाळावर हात मारून घेतला. मुलीने मान वर करून त्याचं सोललेलं तोंड नीट न्याहाळलं. तिच्या गालांवर जुन्या पुटकुळ्यांच्या पुसट खुणा तेवढ्या उरल्या होत्या.

"संध्याकाळी," ती म्हणाली. "आणि वाटाण्याएवढंच. तुम्ही थापता वाटतं?"

लग्न ठरलं. वहिनीने येताना तो टॉवेल आणला आणि आल्या आल्या ट्यूब ताब्यात घेतली. ती देईल तेवढंच मलम तो निमूट लावायचा, आणि पावसाळा संपेपर्यंत त्याचं तोंड निवळलं.

गेल्या वर्षी वहिनी गेली. परवा त्याच्याकडे गेलो तर दोरीवर तोच मरून टॉवेल, पार विरून जाळी झालेला. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "अरे, आता नवा आण की."

"आणलाय. कपाटात आहे," तो म्हणाला. "पण त्याच्यावर एकसुद्धा ठिपका नाही रे."